सोलापुरी चादरीची नक्षी ते लिनक्सची काळी स्क्रीन: जॅकार्ड नावाच्या विणकराच्या पोराची गोष्ट

सोलापूर म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? शेंगा चटणी, कडक भाकरी, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आणि अर्थातच चादर. महाराष्ट्रात असं घर शोधून सापडणार नाही, जिथं कपाटात एखादी तरी सोलापुरी चादर घडी घालून ठेवलेली नाही. ती पांघरून आपण झोपतो, पण त्यावरचा मोर, फुलं, चौकटी कापडात आल्या कशा, हा प्रश्न काही आपल्याला पडत नाही. कारण ही नक्षी छापलेली नसते. ती विणतानाच कापडात उतरते.

आता दुसरं चित्र बघा. एखाद्या कंपनीत किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये एक पोरगा काळ्या स्क्रीनसमोर बसलाय. माऊसला हात नाही. नुसतं टाइप करतोय, एंटर दाबतोय आणि समोर अक्षरांच्या ओळी धावतायत. हा पोरगा लिनक्सवर चालणारे सर्व्हर सांभाळतो. तुम्ही दिवसभर ज्या वेबसाइट आणि ॲप वापरता, त्यातल्या बहुतेकांच्या मागं अशीच एखादी काळी स्क्रीन असते. तिला म्हणतात टर्मिनल आणि या कामाच्या पद्धतीला म्हणतात कमांड लाइन.

या टर्मिनलची एक गंमत आहे. लिनक्सवर ते उघडलं की बऱ्याचदा खिडकी बरोबर 80 अक्षरं रुंद असते. 100 नाही, 75 नाही, 80. का?

या प्रश्नाचा माग काढत मागं गेलं की आपण सुमारे सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या फ्रान्समध्ये पोहोचतो. तिथं एक माणूस भेटतो, ज्याचं नाव सोलापूरच्या मागवाल्यांच्या तोंडात आजही आहे. जोसेफ मारी जॅकार्ड.

आडनाव नव्हे, टोपणनाव

जॅकार्डचा जन्म 7 जुलै 1752 चा, फ्रान्समधल्या लिऑन शहरातला. लिऑन म्हणजे त्या काळातली युरोपची रेशमाची राजधानी. आपल्याकडं सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव म्हटलं की जसा मागांचा खडखडाट आठवतो, तसंच तिथं गल्लीगल्लीत माग.

खरं तर जॅकार्ड हे त्याचं आडनाव नव्हतंच. घराण्याचं आडनाव होतं चार्ल्स. पण एकाच गावात चार्ल्स आडनावाची इतकी घरं झाली की लोकांनी ओळखायला टोपणनावं पाडली. या घराला जॅकार्ड नाव पडलं आणि तेच चिकटलं. आपल्याकडं एकाच आडनावाच्या वाड्यांना वेगवेगळी नावं पडतात, त्यातलाच हा प्रकार.

वडील रेशमी ब्रोकेड विणणारे कसबी विणकर. घरात नऊ मुलं झाली, त्यातली मोठी होईपर्यंत जगली फक्त दोन. जोसेफ आणि त्याची मोठी बहीण क्लेमान्स. जोसेफ 10 वर्षांचा असताना आई गेली. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं. 13 वर्षांचा होईपर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. ते शिकवलं बहिणीच्या नवऱ्यानं. हे दाजी छापखान्याच्या आणि पुस्तकांच्या धंद्यातले, शिकलेले गृहस्थ होते.

पोरानं वडिलांच्या हाताखाली मागावर काम करून पाहिलं, पण ते त्याला झेपेना. मग पुस्तक बांधणीच्या दुकानात गेला, तिथून छापखान्याचे खिळे पाडणाऱ्याकडं. पुढं याच माणसानं सगळ्या जगाचे माग बदलले.

मागावरची दोर ओढणारी पोरं

पोराला मागावरचं काम का झेपत नव्हतं, हे समजायला आधी नक्षी कशी विणतात ते समजून घेऊ.

कापडात दोन प्रकारचे धागे असतात. उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे धागे म्हणजे बाणा. साध्या कापडात एकाआड एक उभे धागे वर उचलायचे, मधून धोटा फेकायचा, मग उरलेले उचलायचे, परत धोटा फेकायचा. दोनच हालचाली, त्याच पुन्हा पुन्हा.

नक्षी असेल तर मात्र प्रत्येक ओळीत वेगवेगळे धागे उचलावे लागतात. मोराच्या डोळ्याच्या ओळीत कुठले, पिसाऱ्याच्या ओळीत कुठले, सगळा हिशोब वेगळा. हे काम विणकर एकटा करू शकत नसे. त्याच्या जोडीला एक मदतनीस लागायचा, बहुतेकदा लहान मूल. ते दिवसभर ठरलेल्या क्रमानं दोर ओढायचं. दोर जड, जागा अडचणीची आणि काम तासन् तास. एक दोर चुकला की नक्षी फसली.

इतकं करून दिवसाकाठी भारी नक्षीचं कापड विणून व्हायचं मोजके इंच.

थोडक्यात काय, तर नक्षीची सगळी माहिती माणसाच्या डोक्यात आणि पोराच्या हातात होती. यंत्राला काहीच माहीत नव्हतं.

कर्ज, क्रांती आणि मुलाचा मृत्यू

1772 साली वडील गेले. घर, माग आणि द्राक्षाचा मळा असं बऱ्यापैकी काही जॅकार्डच्या हाती आलं. 1778 साली त्यानं क्लोदीन बोआशाँ या विधवेशी लग्न केलं. तिच्याकडंही मालमत्ता होती. पुढच्या वर्षी मुलगा झाला. आता सगळं सुरळीत होईल असं वाटत होतं.

पण व्यवहार जॅकार्डच्या रक्तात नव्हता. कर्ज वाढलं, प्रकरण कोर्टात गेलं, मालमत्ता विकावी लागली. दाजींनी मध्ये पडून निस्तरलं म्हणून बरं. लिऑनजवळ उलँ या गावात बायकोच्या नावावरचं एक घर तेवढं उरलं.

अशातच 1789 साली फ्रेंच राज्यक्रांती झाली. 1793 मध्ये लिऑन शहर क्रांतिकारी सरकारच्या विरोधात उभं राहिलं आणि सरकारी फौजेनं शहराला वेढा घातला. शहर पडल्यावर जॅकार्ड आपल्या पोरासह तिथून निसटला. आणि लपण्यासाठी दोघं गेले कुठं? थेट क्रांतिकारी सैन्यात, खोटी नावं घेऊन. ज्या फौजेच्या भीतीनं पळाले, तिच्यातच भरती झाले.

बापलेक ऱ्हाईन नदीच्या आघाडीवर एकत्र लढले. तिथं हायडेलबर्गजवळच्या लढाईत मुलगा मारला गेला. एकुलता एक पोरगा होता, विशीही ओलांडली नव्हती.

1798 च्या सुमारास जॅकार्ड लिऑनला परतला. वय 46. हातात पैसा नाही, पोरगा नाही. शहराचा रेशीम धंदाही लढाईत पार मोडलेला. इथपर्यंत त्याच्या आयुष्यात इतिहासानं दखल घ्यावी असं काहीच घडलं नव्हतं.

संग्रहालयात धूळ खात पडलेला माग

परतल्यावर जॅकार्ड यंत्रांच्या मागं लागला. 1800 साली त्यानं पायानं चालवायचा एक सुधारित माग तयार केला. 1801 च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनात त्याला कांस्यपदक मिळालं. 1803 साली मासेमारीची जाळी विणणारं यंत्र केलं. यामुळं त्याला पॅरिसच्या तंत्रविद्येच्या सरकारी संस्थेत काम करायची संधी मिळाली. जुन्या यंत्रांचा मोठा साठा याच संस्थेत होता.

तिथं त्याच्यासमोर आला जाक व्होकान्साँ या अवलियाचा माग. हा व्होकान्साँ म्हणजे दाणे खाणारं यांत्रिक बदक बनवून अख्ख्या युरोपला वेड लावणारा माणूस. त्यानं 1740 च्या दशकात आपोआप नक्षी विणणारा माग बनवला होता. पण तो किचकट होता, कुणी वापरला नाही आणि पडून राहिला.

व्होकान्साँच्याही आधी लिऑनमधल्याच दोघांनी डोकं लावलं होतं. बासिल बूशाँनं 1725 मध्ये भोकं पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीनं धागे निवडायची युक्ती काढली. तीन वर्षांनी फाल्काँनं कागदाऐवजी एकाला एक जोडलेले पुठ्ठे वापरले. पण या दोघांच्या मागाला मदतनीस लागतच होता.

जॅकार्डनं केलं काय, तर एकाचे पुठ्ठे आणि दुसऱ्याची मागाच्या डोक्यावर बसणारी यंत्रणा यांची सांगड घातली. 1804 मध्ये त्याचं यंत्र उभं राहिलं. म्हणजे कोऱ्या पाटीवर काढलेला हा शोध नव्हता. आधीच्यांचं काम उघडून पाहिलं, जे चालतं ते घेतलं, जे अडतं ते बदललं. ओपन सोर्सच्या जगात आजही काम असंच चालतं.

एक पुठ्ठा म्हणजे एक कमांड

आता हे यंत्र चालतं कसं ते बघू.

मागाच्या वर एक चौकट असते. त्यात आकड्यांची रांग असते आणि प्रत्येक आकड्याला खाली उभे धागे बांधलेले असतात. प्रत्येक आकड्याला एक आडवी सुई जोडलेली असते. या सुयांसमोर भोकं पाडलेला पुठ्ठा येऊन टेकतो.

जिथं भोक आहे तिथं सुई आरपार जाते, आकडा जागेवर राहतो, वर जाणारी पट्टी त्याला उचलते आणि धागा वर येतो. जिथं भोक नाही तिथं पुठ्ठा सुईला मागं ढकलतो, आकडा पट्टीवरून सरकतो आणि धागा खालीच राहतो. भोक म्हणजे उचल, भोक नाही म्हणजे राहू दे. हो किंवा नाही. एक किंवा शून्य.

एक पुठ्ठा म्हणजे नक्षीची एक ओळ. धोटा एकदा गेला की पुढचा पुठ्ठा समोर येतो. असे शेकडो, कधी हजारो पुठ्ठे दोरीनं एकमेकांना शिवून माळ करायची. माळेची दोन टोकं जोडली की तीच नक्षी पुन्हा पुन्हा विणली जाते. नक्षी बदलायची असेल तर मागाला हात लावायचा नाही, फक्त पुठ्ठ्यांची माळ बदलायची.

आता परत त्या काळ्या स्क्रीनसमोर बसलेल्या पोराकडं या.

समजा कॉलेजच्या लॅबमध्ये 100 नव्या विद्यार्थ्यांची खाती उघडायची आहेत. माऊसनं करायचं तर तीच खिडकी 100 वेळा उघडा, नाव टाका, बटण दाबा. कमांड लाइनवर काम करणारा काय करतो? 100 नावं एका फाइलमध्ये लिहितो आणि प्रत्येक नावासाठी युजरॲड ही कमांड चालव, एवढं सांगणाऱ्या दोन-चार ओळी लिहितो. एंटर दाबला की काम झालं. पुढच्या वर्षी फक्त नावांची फाइल बदलायची.

अशा कमांडच्या माळेला म्हणतात स्क्रिप्ट. रोज रात्री 2 वाजता सगळ्या फाइलींची प्रत काढून ठेवायची असेल, तर ती स्क्रिप्ट क्रॉन नावाच्या टूलच्या हवाली करायची. ते न चुकता त्या वेळेला माळ फिरवतं. सर्व्हर कुठं अडला हे लाखो ओळींच्या नोंदवहीतून शोधायचं असेल, तर ग्रेप ही कमांड हवी तेवढ्याच ओळी वेचून देते. आणि एका कमांडनं काढलेला माल पाइप लावून थेट दुसऱ्या कमांडच्या हातात देता येतो.

यात माऊसपेक्षा वेगळं काय? माऊसनं केलेलं काम झालं की हवेत विरतं. लिहिलेली कमांड मात्र मागं उरते. ती वाचता येते, तपासता येते, सुधारता येते, दुसऱ्याला पाठवता येते. पुण्यात लिहिलेली स्क्रिप्ट सोलापुरात चालते, तशी एका मागाची पुठ्ठ्यांची माळ तसल्याच दुसऱ्या मागावर चालते.

धोकाही तोच. एका पुठ्ठ्यात एक भोक चुकलं, तर ती चूक प्रत्येक चादरीत उतरते. स्क्रिप्टमध्ये फाइल काढून टाकणाऱ्या आरएम कमांडला चुकीचा पत्ता दिला, तर ती मुकाट्यानं सगळं पुसते. यंत्र शहाणपणा करत नाही, सांगितलं तेवढंच करतं. म्हणून विणकर आधी नमुना विणून बघतो आणि शहाणा ॲडमिन आधी एखाद-दुसऱ्या फाइलवर कमांड चालवून बघतो. सगळा सर्व्हर बदलू शकणाऱ्या कमांडच्या आधी सुडो लिहून मुद्दाम परवानगी घ्यावी लागते, तीही याचसाठी.

नेपोलियन आला आणि माग खुला झाला

12 एप्रिल 1805. सम्राट नेपोलियन आणि सम्राज्ञी जोसेफिन लिऑनला आले आणि त्यांनी हे यंत्र पाहिलं. नेपोलियनला फ्रान्सचा रेशीम धंदा पुन्हा उभा करायचा होता. तीनच दिवसांत हुकूम निघाला. या यंत्राचे हक्क लिऑन शहराला देण्यात आले.

म्हणजे जॅकार्ड या शोधाचा एकटा मालक राहिला नाही. बदल्यात त्याला 3,000 फ्रँकची आयुष्यभराची वार्षिक पेन्शन मिळाली. शिवाय 1811 पर्यंत जो कुणी असा माग घेऊन वापरेल, त्याच्यामागं 50 फ्रँक.

आता याला आजच्या अर्थानं ओपन सोर्स म्हणता येणार नाही. लिनक्सचा परवाना निर्मात्यानं स्वतःहून दिलेला आहे आणि तो साऱ्या जगाला लागू आहे. इथं निर्णय सम्राटाचा होता आणि फायदा आधी एका शहराला व्हायचा होता. पण परिणाम ओळखीचा वाटतो. यंत्र एकाच्या तिजोरीत अडकलं नाही, अनेकांच्या हाती गेलं. 1812 पर्यंत फ्रान्समध्ये असे 11,000 माग चालू होते, असं सांगितलं जातं.

आणि अनेकांच्या हाती गेल्यामुळंच ते नीट झालं. जॅकार्डच्या मूळ यंत्रात पुठ्ठे नीट सरकत नसत, ते अडायचं. 1810 च्या दशकात ब्रेताँ नावाच्या कारागिरानं त्यातले दोष काढले आणि मग ते खऱ्या अर्थानं भरवशाचं झालं. नाव जॅकार्डचं राहिलं, पण ते चाललं बूशाँ, फाल्काँ, व्होकान्साँ आणि ब्रेताँ यांच्या जिवावर.

विणकर भडकले, कारण प्रश्न पोटाचा होता

इथपर्यंत गोष्ट छान वाटते. पण लिऑनच्या विणकरांना ती छान वाटली नाही.

ज्या कामाला दोन-तीन माणसं लागायची ते आता एक जण करू लागला. दोर ओढणाऱ्या पोरांची मजुरी गेली. जी नक्षी वर्षानुवर्षं घासून हातात बसवलेली, ती आता भोकांच्या पुठ्ठ्यात आली. जॅकार्डवर लोक चिडले, त्याला धमक्या आल्या, त्याचं यंत्र भर चौकात मोडून जाळलं, असं तिथं पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं.

ज्या शहराच्या धंद्यासाठी त्यानं हे केलं, त्याच शहरात त्याला जपून राहावं लागलं. आणि तो कुणी गिरणीमालक नव्हता. लहानपणी मागाचं काम झेपलं नाही म्हणून पळालेला विणकराचाच पोरगा होता.

मग विणकर चुकीचे होते का? तसंही म्हणता येत नाही. पुठ्ठे पाडणं, नक्षी कागदावर उतरवणं, यंत्र दुरुस्त करणं अशी नवी कामं निघाली, लिऑनचा धंदा वाढला. पण वाढलेला पैसा विणकराच्या ताटात त्या प्रमाणात पडला नाही. 1831 साली लिऑनचे विणकर कामाचा किमान दर ठरवून द्या म्हणून रस्त्यावर उतरले. एप्रिल 1834 मध्ये पुन्हा उठाव झाला आणि सैन्यानं तो रक्त सांडून मोडला.

यंत्र खुलं झालं म्हणजे त्याचा फायदाही सगळ्यांना मिळतो असं नाही. एआयमुळं नोकऱ्या जाणार का, या आजच्या वादात हेच प्रश्न पुन्हा आपल्यासमोर आहेत.

शेवटची वर्षं

हळूहळू राग निवळला, माग रुळले. 1819 साली फ्रान्स सरकारनं जॅकार्डला लिजन ऑफ ऑनर हा मोठा किताब दिला. तो उलँला राहायला गेला होता. पेन्शन होती, पण शोधावर कुणी अब्जाधीश व्हावं तसं काही झालं नाही.

7 ऑगस्ट 1834 रोजी उलँमध्येच त्याचं निधन झालं. वय 82. शहरातला दुसरा उठाव मोडून जेमतेम चार महिने झाले होते. 1840 साली त्याच लिऑननं त्याचा पुतळा उभारला.

पुठ्ठा मागावरून टेबलावर आला

जॅकार्ड गेल्यावर त्याच्या पुठ्ठ्यांचा प्रवास थांबला नाही.

1839 साली लिऑनमध्ये जॅकार्डचं एक चित्र रेशमात विणलं गेलं. त्यासाठी लागले सुमारे 24,000 पुठ्ठे. लांबून ते कोरीव ठशाचं छापील चित्र वाटायचं. त्याची एक प्रत इंग्लंडमधल्या चार्ल्स बॅबेजनं मिळवली आणि आलेल्या पाहुण्यांना तो ती कौतुकानं दाखवायचा. त्याला जॅकार्डचं इतकं कौतुक का? कारण त्यानं आखलेल्या अ‍ॅनालिटिकल इंजिन या गणिती यंत्राला सूचना द्यायला त्यानं जॅकार्डचेच पुठ्ठे निवडले होते. मागाचा पुठ्ठा फक्त क्रमानं पुढं जातो. बॅबेजचं यंत्र आलेल्या उत्तरावरून पुढं काय करायचं हेही ठरवणार होतं. ते यंत्र पुरं झालं नाही, पण 1843 मध्ये एडा लव्हलेसनं त्यावर लिहिलेल्या टिपांमुळं तिला आज पहिली प्रोग्रॅमर मानतात.

पुढं अमेरिकेत हर्मन हॉलरिथनं 1890 च्या जनगणनेत माणसांची माहिती भोकांच्या कार्डांवर घेतली. त्याची कंपनी इतरांत मिसळत आयबीएम झाली. 1928 साली आयबीएमनं जे कार्ड काढलं त्यात उभे रकाने होते 80. एका रकान्यात एक अक्षर, म्हणजे एका कार्डावर 80 अक्षरांची एक ओळ.

काही दशकं कॉम्प्युटरला सूचना द्यायची म्हणजे कार्डांचा गठ्ठा नेऊन द्यायचा आणि उत्तराची तासन् तास वाट पाहायची. मग टाइपरायटरसारखी टेलिटाइप यंत्रं आली. ओळ टाइप करा, लगेच उत्तर मिळवा. 1969 मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स सुरू केलं, ते अशाच यंत्रांसमोर बसून. पुढं कागदाच्या जागी पडदा आला. त्यावरची ओळ 80 अक्षरांची असणं हेच नेहमीचं होऊन बसलं, कारण सगळ्यांना कार्डाची सवय होती. 1978 चं गाजलेलं व्हीटी 100 टर्मिनल 80 रकान्यांचं आणि 24 ओळींचं होतं.

1983 मध्ये रिचर्ड स्टॉलमननं युनिक्ससारखी पण पूर्णपणे मुक्त प्रणाली बनवायची घोषणा केली. 1991 मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्सचा गाभा लिहिला. या दोन्हींच्या मेळातून आज जे लिनक्स आपण वापरतो ते उभं राहिलं. जगभरच्या लोकांनी ते उघडून पाहिलं, दुरुस्त केलं, वाढवलं. आणि टर्मिनलची खिडकी? ती राहिली 80 अक्षरांचीच.

परत सोलापुरात

सोलापुरात 1877 साली पहिली कापड गिरणी निघाली, जिला लोक जुनी गिरणी म्हणून ओळखायचे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी इथले माग वाढवले. गिरण्या बंद पडल्या, तरी यंत्रमाग राहिले आणि सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं. या चादरीची नक्षी जॅकार्डच्याच यंत्रावर उतरते. यंत्रमागाच्या डोक्यावर चौकट, तिच्यावरून फिरणारी भोकांच्या पुठ्ठ्यांची माळ आणि खाली धाग्यांचं जाळं.

आता कापड धंद्यात इलेक्ट्रॉनिक जॅकार्डही आलेत. त्यात पुठ्ठ्यांची माळ नसते, नक्षीची फाइल असते. म्हणजे जो पुठ्ठा मागावरून निघून कॉम्प्युटरपर्यंत गेला, तो फाइल बनून परत मागावर आला. आणि मागं लिऑनमध्ये पडलेला प्रश्नही त्याच्यासोबत आलाच आहे. नव्या मागावर माणसं कमी लागतील, मग उरलेल्यांचं काय?

एखादं कोडं अडलं की आपण त्याला गुंता म्हणतो. जॅकार्डनं धाग्यांचा गुंता सोडवायची सूचना यंत्रातून बाहेर काढून पुठ्ठ्यावर लिहिली. ती लिहिली गेली म्हणून दुसऱ्याला वाचता आली, ब्रेताँला दुरुस्त करता आली, बॅबेजला उचलता आली. लिनक्सची कमांड शिकणारा सोलापूरचा पोरगा आज स्क्रिप्टची पहिली ओळ लिहितो, तेव्हा तो तेच करतो.

त्यामुळं आज रात्री चादर अंगावर घ्याल, तेव्हा नक्षीची एक आडवी ओळ नीट बघा. काही धागे वर, काही खाली. मागानं वाचलेली ती एक कमांड आहे.